मिसिसिपी जॉन हर्ट हे ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायक १९२८ नंतर ३५ वर्षं कुठे गायब होते?

गायब कुठले, घरीच होते! १९२८ मध्ये ‘ओके’ या रेकॉर्ड कंपनीसाठी मेम्फिस आणि न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं, तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली. हर्ट मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन गावी शेतात राबत राहिले. गंमत म्हणजे पत्ता त्यांच्याच ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या गाण्यात होता. तो धागा धरून १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा संगीतवेडा तरुण थेट तिथे पोहोचला. त्याच वर्षी सत्तरीला टेकलेले हर्ट न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायले. आवाज मऊ, गप्पा मारल्यासारखा. गिटारवर अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात. ब्लूज म्हणजे नुसता आक्रोश असं वाटत असेल, तर आधी यांना ऐका. १९६६ मध्ये ते वारले. प्रसिद्धी मिळाली ती जेमतेम तीन वर्षं.