एआयकडून जाहिरात लिहून घेण्याआधी

अरे, फ्लॅटची जाहिरात लिहायला एआय टूल विकत घेण्याची घाई करू नकोस. आधी फुकटातली दोन घे आणि दोघांना एकाच फ्लॅटची माहिती दे. तीही अडचणीच्या फ्लॅटची: तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), पाणी सकाळी दोन तास. मग बघ कोण काय पदरचं घालतं ते. मी असंच केलं, तर एकाने 'मेट्रो पाच मिनिटांवर' ठोकून दिलं. मेट्रोचा मी शब्दही काढला नव्हता! गिऱ्हाईक जिना चढून धापा टाकत वर आल्यावर शिव्या आपल्याला बसतात, टूलला नाही.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड जाहिरातीत हवाच. १ ऑगस्ट २०२३ पासून कोड सक्तीचा आहे, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. टूल हे आपणहून लिहीत नाही. उलट नंबर दिला नाहीस तर एखादं मनाने रचूनही देतं, म्हणून प्रत्येक आकडा महारेराच्या साइटवर ताडून बघ. कार्पेटचं बिल्टअप (भिंती धरून मोजलेली जागा) झालंय का, तेही बघ.

मराठीही तपास. 'आपल्या स्वप्नातील आलिशान निवासस्थान' असलं आलं की खोड. आपण व्हॉट्सअॅपवर 'वन बीएचके, हवा-उजेड मस्त, पार्किंग आहे' एवढंच टाकतो, फोन त्यावरच येतात.

आणि मालकाचं आधार किंवा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा) टूलमध्ये कधीच चिकटवू नकोस.