कोकणातून पहिल्या टेक कॉन्फरन्सला जाताना

कॉन्फरन्स मुंबईला असेल तर तारीख कळताच तिकीट काढ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीत किंवा मे महिन्यात कोकणकन्या, तुतारी या गाड्या बघता बघता भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, मुसळधार पावसात वेगही कमी करतात. त्यामुळे आदल्या दिवशीच पोच.

वर्कशॉप असेल तर रिपॉझिटरी क्लोन करणं (म्हणजे कोडची प्रत लॅपटॉपवर घेणं), डॉकर इमेज (प्रोग्रॅम चालवायला लागणारं तयार पॅकेज) डाउनलोड करणं घरीच उरकून घे. शेकडो लॅपटॉप एकाच वाय-फायवर आले की तिथे काही डाउनलोड होत नाही.

भाषणं बहुतेकदा नंतर यूट्यूबवर येतात, माणसं भेटतात ती चहाच्या टेबलापाशी. त्यासाठी एखादं सत्र खुशाल सोड. घोळक्यात मोकळी जागा दिसली की उभा राहा, दोन मिनिटं ऐक, मग विचार, "हे प्रॉडक्शनमध्ये कसं चालवता?" (म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी). नुसतं "काय करता?" विचारलंस तर हुद्दा कळतो, काम नाही. इंग्रजी अडखळलं तरी बोल. मराठी बोलणारे तिथे भरपूर असतात. तुमच्या घोळक्यातही एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा, नवखा आपणहून येतो. नंबर घेतलास तर त्याच रात्री दोन ओळी पाठव, कशावर बोललात ते लिहून.