वाचकांचे प्रश्न : निवळीत चुना असतो तरी किती?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझ्याकडे दोन जर्सी संकरित गाया आहेत, मोठी दिवसाला 12 लिटर देते. तीन वर्षांपासून शेती पूर्ण सेंद्रिय केली, म्हणून क्षारमिश्रण बंद केले आणि त्यासोबत मीठही सुटले. कारखाना सुरू झाल्यापासून घरच्याच उसाचे वाढे (तोडणीनंतरचे हिरवे शेंडे) भरपूर घालतो, वर कडबा आणि थोडी पेंड. आता मोठी गाय भिंत चाटते, दावे चघळते, तीनदा उलटली (भरवूनही गाभ राहिली नाही). कॅल्शियमसाठी रोज तांब्याभर चुन्याची निवळी (चुना तळाशी बसल्यावरचे वरचे नितळ पाणी) पाजतो. आणखी काय करावे?
– एक वाचक, ता. कराड

उत्तर : आधी तुमच्या तांब्याचा हिशेब करू, कारण त्या चुकीत मीही वाटेकरी आहे. नोकरीची पहिली आठ-दहा वर्षे मी गोठ्यागोठ्यांतून ‘निवळी पाजा’ सांगत फिरले. वाळवा तालुक्यात एका शिक्षकांनी धारेची बादली खाली ठेवून विचारले, “मॅडम, पण एका तांब्यात कॅल्शियम येतं किती?” मला उत्तर येईना. रात्री पुस्तक काढले. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला पावणेदोन ग्रॅमसुद्धा नाही. त्यातले कॅल्शियम ग्रॅमभराच्या आतच. चुना मूठभर टाका नाहीतर किलोभर, बाकीचा तळाशी बसतो. आणि लिटरभर दुधातून जाते साधारण 1.2 ग्रॅम. म्हणजे तुमच्या तांब्याने एका लिटरचीही भरपाई होत नाही. उरलेल्या अकरा लिटरचे गाय कुठून आणणार? चाऱ्यातून मिळाले नाही तर स्वतःच्या हाडांतून. (तळचा गाळ मात्र कधीच पाजू नका, तोंड पोळते.)

आता वाढे. त्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो कॅल्शियमला घट्ट धरतो आणि शेणावाटे बाहेर नेतो. वाढ्यातले तर मिळत नाहीच, सोबतच्या चाऱ्यातलेही थोडे त्याच वाटेने जाते. बंद करा म्हणणार नाही. उसाच्या पट्ट्यात तसे सांगणारीचे कुणी ऐकतही नाही. पण निम्म्यावर आणा. बांधाकडेला चार-पाच गुंठे लसूणघास करा. बारा लिटरच्या गायीच्या पोटात दिवसाला पन्नासेक ग्रॅम कॅल्शियम जायला हवे, त्यातले 25 ते 30 ग्रॅम दहा किलो हिरव्या घासातूनच येते. एकदम दहा किलो टाकू नका, पोट फुगेल. पंधरा दिवसांत वाढवत न्या आणि आधी कडबा खाऊ द्या. भुईमुगाचा पाला, शेवग्याचा पाला हेही चांगले. घास येईपर्यंत पशुखाद्याच्या प्रतीची चुनखडीची भुकटी रोज 40 ग्रॅम पेंडीत मिसळा. तेवढ्यातून 15 ग्रॅमच्या आसपास मिळते, आणि ती जमिनीतूनच निघालेली असते.

पण भिंत चाटणे हे माझ्या मते कॅल्शियमचे लक्षण नाही. एका गोठ्यात गायीच्या तोंडाच्या उंचीएवढा गिलावा चाटून चाटून उतरला होता, आत विटा दिसत होत्या. त्या माणसानेही ‘रसायन नको’ म्हणून मीठ थांबवले होते. हिरव्या चाऱ्यात मिठातले सोडियम कमीच असते. आजपासून जाडे मीठ, रोज 30-40 ग्रॅम. दावे, चप्पल, हाडूक चघळणे हे बहुतेक वेळा फॉस्फरसकडे बोट दाखवते. त्याला गव्हाचा कोंडा, ज्याला तुमच्याकडे भुसा म्हणतात, तो दीड-दोन किलो द्या. किलोला दहा ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. शेणही एकदा तपासून घ्या, जंतांनीही जनावर असे करते.

सेंद्रिय म्हणजे क्षारमिश्रण बंद, हे तुम्हाला कुणी सांगितले कोण जाणे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे निकष 2001 पासून आहेत. त्यात नैसर्गिक स्रोतातली खनिजे चालतात; वाढीची कृत्रिम औषधे, युरिया आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना कत्तलखान्यातले पदार्थ चालत नाहीत. म्हणून हाडांची भुकटी नसलेले मिश्रण मागा, पिशवीवरचा मजकूर तुमच्या प्रमाणीकरणवाल्यांना दाखवा आणि रोज 50 ग्रॅम तरी सुरू करा. तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन त्यातूनच येईल. जमीन सेंद्रिय झाली म्हणून तिच्यात नसलेले जस्त उगवत नाही. शिवाय तुम्ही दूध विकता. बारा लिटरची गाय तीनशे दिवस धरली, तर चार किलोवर कॅल्शियम आणि जवळपास साडेतीन किलो फॉस्फरस डेअरीच्या कॅनमधून शिवाराबाहेर जातो. शेणखतातून परत येते ते उरलेले.

उलटण्याचे सगळे खापर क्षारांवर फोडू नका. पुढच्या माजाला भरवण्याआधी गर्भाशय तपासून घ्या.

प्रश्न : दुकानदाराने चाटण वीट दिली. सेंद्रिय गोठ्यात चालेल का?

उत्तर : कुठली, ते बघा. नुसत्या मीठ-क्षारांची असेल तर सहसा अडचण नाही. गूळमळीच्या काळपट विटेत बहुधा युरिया असतो, ती परत करा.

प्रश्न : तिसऱ्या वेताची गाय वीस दिवसांत विणार आहे. मागच्या वेळी व्याल्यावर खाली बसली. या वेळी आतापासूनच कॅल्शियमची बाटली पाजू का?

उत्तर : नको, उलटे होईल. आत्ता भरपूर कॅल्शियम दिले तर शरीर हाडांतून ते काढायची सवय विसरते, आणि व्याल्याच्या दिवशी चीक सुटला की एकदम टंचाई पडते. म्हणून शेवटचे तीन आठवडे घासही थांबवा, चुनखडीही. कडबा, मक्याचा हिरवा चारा आणि थोडा कोंडा पुरे. व्याली की त्याच दिवसापासून सुरू करा, आणि पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळू नका. तरीही गाय मान कुशीला वळवून बसली, कान हाताला गार लागले, तर या आजाराच्या नावात ‘दुधाचा ताप’ असला तरी ताप शोधत बसू नका, अंग थंडच असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिले की बऱ्याच गाया तासाभरात उठतात. सेंद्रिय नियम आजारी जनावराच्या उपचाराआड येत नाहीत. डॉक्टर येईपर्यंत घशात काही ओतू नका. अशा गायीला नीट गिळता येत नाही, औषध फुफ्फुसात जाते.