मे महिन्यात गच्चीवरच्या टोमॅटो-मिरचीची फुलं गळतात, दोन वेळा पाणी घालूनही झाडं मान टाकतात. कोणतं खत घालू?

कोणतंच खत घालू नका. निदान मृग लागेपर्यंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय ते असं: नागपूर, दुसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो-बॅग, शेतातून आणलेली काळी माती, सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी. टोमॅटो, मिरची, वांगी, पालक, कोथिंबीर लावलीय. फुलं गळतात, दुपारी झाडं माना टाकतात, पानांच्या कडा करपल्यात. मी अकोल्याचा आणि माझीही भाजी गच्चीवरच असते, त्यामुळे तुमची गच्ची मला इथून दिसतेय.

फुलगळीचं आधी सांगतो, कारण तिला उपाय नाही. साधारण ३५ अंशांच्या वर टोमॅटोचा पराग निकामी व्हायला लागतो. दुपारचा उन्हाचा तडाखा एक वेळ झाड सोसतं, पण फळ धरायला त्याला रात्रीचा गारवा लागतो, पारा पंचविशीच्या बराच खाली यावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४२ ते ४५ आणि रात्रीही २८ च्या आसपास. फूल येतं, फळ धरत नाही, देठ पिवळा पडतो आणि फूल खाली. हे खत कमी पडल्यामुळे होत नाही. दुकानदार ‘फुलगळ थांबवणारं’ टॉनिक हातात देईल, ते घेऊ नका. रात्र थंड करणारं टॉनिक अजून कोणी काढलेलं नाही.

मग व्हिडिओतल्या लोकांना मे महिन्यात लालबुंद टोमॅटो कसे लागतात? ते व्हिडिओ बहुतेक पुण्याकडचे असतात. तिथे रात्री पारा उतरतो. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात तर उन्हाळी टोमॅटो हे मोठं नगदी पीक आहे. त्यांचं वेळापत्रक विदर्भात चालत नाही. आणि उलटही खरं: पुढे जे लिहितोय ते कोकणातल्या कोणी जसंच्या तसं उचलू नये, तिथली हवा दमट, तिथले प्रश्न वेगळे.

टोमॅटोची झाडं हिवाळ्यात लावलेली असतील तर ती आता थकलेली आहेत. काढून टाका. मिरची आणि वांगं मात्र काढू नका. ती दोन्ही चिवट आहेत, हा महिना कशीबशी निघाली की पावसात पुन्हा फुटतात. त्यांच्याकडून आत्ता फळाची अपेक्षा ठेवायची नाही, फक्त जगवायचं.

आता मान टाकण्याबद्दल. दुपारी दोन-तीनला पानं लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घाला, दोन पेरं आत. ओल लागली तर झाडाला पाणी कमी नाहीये, पानांतून जेवढं पाणी उडतंय तेवढं मुळं त्या क्षणी ओढू शकत नाहीत एवढंच. अशी झाडं सूर्य कलला की सात-साडेसातपर्यंत आपोआप उभी राहतात. खरी परीक्षा सकाळी असते. सकाळी सहालाही झाड मरगळलेलं दिसलं तर काहीतरी चुकतंय, एकतर माती आतून कोरडी आहे किंवा जास्त पाण्याने मुळं सडतायत. भर दुपारी ओल्या मातीत पुन्हा पाणी घालत राहिलं की हे दुसरं होतं, आणि सडलेल्या मुळांचं झाडही कोरड्या मातीतल्या झाडासारखंच लोंबतं. मग माणूस आणखी पाणी घालतो.

तुमच्या बाबतीत मला वाटतं माती आतून कोरडी असावी, दोन वेळा पाणी घालूनही. काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं, मधला मुळांचा गोळा मात्र ठणठणीत कोरडा. एखादी कुंडी हलवून बघा. पाणी घालूनही हलकी लागली तर हेच. एकदा खुरप्याने वरची दोन बोटं माती हलवा, कडेची फट बुजवा, आणि शक्य असेल तर ती कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात किंवा घमेल्यात बसवा, म्हणजे पाणी खालून वर चढेल. त्यानंतर रोजचं पाणी एका दमात न ओतता दोन-तीन टप्प्यांत, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या ग्रो-बॅगेचंही असंच, एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी धरतच नाही.

वेळ पहाटेची. सूर्य वर यायच्या आत पाणी झालं पाहिजे. संध्याकाळी घालायचं असेल तर गच्ची निवल्यावर, म्हणजे आठ-साडेआठनंतर. पाइपमध्ये साचलेलं पाणी दिवसभर उकळत असतं, पहिलं पाणी बादलीत सोडून द्या. वरच्या टाकीतलं पाणीही संध्याकाळी पोळतं. रात्री दोन बादल्या भरून ठेवल्या तर सकाळी गार पाणी मिळतं, त्याला खर्च काही नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. गच्चीवरच्या झाडाला वरच्या उन्हापेक्षा खालून आणि बाजूने जास्त चटका बसतो. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल, थंड मातीत असतात. तुमच्या मिरचीची मुळं काळ्या प्लॅस्टिकच्या पातळ भिंतीला चिकटून आहेत, ती भिंत दुपारी हात लावू देत नाही, आणि कुंडी ठेवलीय स्लॅबवर, जो अर्ध्या रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. पाणी कितीही घाला, मुळं शिजत असतील तर झाड ते ओढणार कसं? म्हणून मे महिन्यात बागकाम म्हणजे कुंडी थंड ठेवणं. बाकी सगळं नंतर.

त्यासाठी पहिलं काम, सगळ्या कुंड्या विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर चढवा, खालून हवा खेळली पाहिजे. दुसरं, त्या सुट्या सुट्या ठेवू नका. एका जागी दाटीने एकत्र आणा, मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला, लहान मध्ये. आतल्या कुंड्यांना बाहेरच्यांची सावली मिळते आणि पानांमधली हवा जरा ओलसर राहते. जागा निवडताना जिन्याच्या खोलीची किंवा पाण्याच्या टाकीची पूर्व बाजू घ्या. तिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतरचं भाजणारं ऊन भिंत अडवते. भिंतीच्या पश्चिम बाजूला टेकवलेली कुंडी मात्र हमखास मरते. तिसरं, बाहेरच्या रांगेतल्या कुंड्यांना बारदान्याचं पोतं गुंडाळा आणि सकाळी ते भिजवा. मातीच्या कुंड्या असत्या तर हे काम त्यांनी स्वतःच केलं असतं, माठ पाणी गार करतो त्याच रीतीने. त्यांना पाणी जास्त लागतं, पण मुळं थंड राहतात, म्हणून मी उन्हाळ्यापुरता मातीच्या कुंडीच्याच बाजूचा आहे.

वरून आच्छादन हवंच. आपल्याकडे तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, फुकटात मिळतं, ते दोन इंच पसरा, खोडापासून दोन बोटं लांब. गहू काढल्यानंतरचा भुसा चालतो, कडुनिंबाचा पाला चालतो. कुटाराखाली वाळवी दिसली तर ते काढून उन्हात टाका आणि पुन्हा पातळ थर द्या. कूलरच्या ताट्यांतलं जुनं गवत आच्छादन म्हणून वापरायचा मोह होतो, दरवर्षी घरोघरी निघतंच ते. पण त्यावर पांढरा थर जमलेला असतो ना, तो क्षार आहे. ते वापरू नका.

यावरून आठवलं, तुमच्या पानांच्या कडा करपल्यात त्याचं कारण निव्वळ ऊन नसावं. तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की कूलरमधलं उरलेलं पाणी झाडांना घालता. ते बंद करा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात, आपण रोज वरून भर घालतो, त्यामुळे तळाचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यातही क्षार जास्त असतात. ही दोन्ही पाणी गच्ची धुवायला, पोती भिजवायला वापरा. एसीतून टपकणारं पाणी मात्र बिनधास्त घाला, ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि मातीवर पांढरी बुरशीसारखी पापुद्री दिसत असेल तर ती खरवडून टाका, मग एका पहाटे चांगल्या पाण्याने कुंडी अशी भिजवा की खालून पाणी भरपूर वाहून जाईल.

शेडनेट लावायची तर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. ७५ टक्क्यांच्या नेटखाली पालेभाज्या हिरव्यागार दिसतात, पण वेल आणि मिरची नुसती उंच वाढतात. नेट झाडांवर टेकवू नका, सात-आठ फुटांवर ताणा, आणि पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी खाली सोडा. दुपारी तीनचं तिरपं ऊन तिथूनच येतं. बांधताना दोऱ्यांना सुटणारी गाठ मारा. मे अखेरीस संध्याकाळी वादळ सुटतं तेव्हा ताणलेली नेट शिडासारखी फुगते आणि बांबूंसकट कुंड्या आडव्या करते.

मग खायचं काय, हा प्रश्न उरतोच. पालक-मेथीचा नाद पावसाळा सरेपर्यंत सोडा, उन्हात त्यांना लगेच तुरे येतात. कोथिंबिरीचं बी तापलेल्या मातीत उगवतच नाही नीट. घरात खिडकीशी, धणे रगडून, रात्रभर भिजवून एका पसरट डब्यात टाकलेत तर चटणीपुरती मिळेल. पण लाल माठ, चवळाई, घोळ, अंबाडी, मायाळू यांना ऊन चालतं. चवळाई तर तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. शेंगांमध्ये गवार आणि बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा. कुंडीसाठी गवार घ्यायची तर पुसा नवबहार ही जात बघा, ती फांद्या न करता सरळ एका खोडावर वाढते, दाटीत बसते. भेंडीचं बी गरम मातीतच छान उगवतं. फक्त पांढरी माशी आली की तिच्याबरोबर केवडा रोग येतो, शिरा पिवळ्या पडतात. असं झाड दिसलं की उपटून टाका, औषध शोधत बसू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ केवड्याला तोंड देणारी म्हणूनच निघाली, आजही बियाण्याच्या दुकानात मागितली तर मिळते.

वेलांमध्ये ढेमसं, काकडी, कारलं, दोडका. वेल वाढलेला आहे, फुलं आहेत, पण फळ नाही अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. एक म्हणजे कडक उन्हाळ्यात नर फुलंच जास्त येतात, मादी फूल यायला थोडं थांबावं लागतं. मादी ओळखायची खूण म्हणजे फुलामागे इवलंसं फळ आधीच असतं. दुसरं म्हणजे वेळ. काकडी, कारलं, ढेमसं सकाळी फुलतात, पण दोडका आणि दुधी संध्याकाळी. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, म्हणून हाताने परागीभवन करायचं ठरवलंत तर दोडक्याला सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही. साडेपाच-सहाच्या पुढे जा, नर फूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवा.

किडींचं थोडक्यात. कोरड्या उन्हाळ्याची खास कीड म्हणजे लाल कोळी. पान फिकट ठिपक्या-ठिपक्यांचं होतं, मागे बारीक जाळं दिसतं. पहाटे पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, सलग तीन-चार दिवस, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. निंबोळी तेल फवारायचं तर लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, आणि सूर्य मावळल्यानंतरच. उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

आता खताबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता. उन्हाच्या ताणात झाड खत उचलत नाही, उलट युरियासारख्या खताने मुळांपाशी क्षार वाढतात. अर्धवट कुजलेलं शेणखत तर कुंडीत स्वतःच तापतं. त्याऐवजी टोमॅटो काढलेल्या कुंड्यांचं काम करा. झाड उपटताना मुळं बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी, आहेत, तीच माती भेंडी-वांग्याला वापरली तर तिथेही जातील. माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि गच्चीवर भर उन्हात पातळ थरात आडवी टाकून ठेवा, चार ते सहा आठवडे. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. नवतप्याचं, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांचं, हे ऊन झाडांना छळतं, पण माती भाजून काढायला याच्याइतकं चांगलं काही नाही. शेणखत मिसळायचं ते त्यानंतर, पाऊस पडल्यावर.

वांग्याची छाटणीही आत्ता नको, पहिला चांगला पाऊस झाला की करा. पावसाळी टोमॅटोचं बी जूनच्या पहिल्या आठवड्यात सावलीत टाका, जुलैच्या सुरुवातीला रोपं लावायला येतील.

राहिली मिरची. तिची पानं वळलीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, पण कोणत्या बाजूला ते नाही लिहिलं. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळली असेल तर कोळी. दोघांचा उपाय सारखा नाही. शेंड्याच्या पानांचा जवळून एक फोटो टाका, मग सांगतो.