लेहहून परत येताना बाईक रेल्वेने पाठवावी की चालवत आणावी?

तुम्ही म्हणता, पुण्याहून आठ-दहा जण लेहला निघालाय आणि येताना चंदीगडहून बाईक रेल्वेत टाकायची का यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. माझं मत विचाराल तर चालवत आणा. पण त्याहून महत्त्वाचं, जे कराल ते सगळ्यांनी मिळून करा. अर्ध्यांनी पार्सल आणि अर्ध्यांनी हायवे, हे अजिबात करू नका. मी ते जवळून बघितलंय.

जाताना ग्रुप टिकवावा लागत नाही, तो आपोआप टिकतो. टांडीच्या पंपावर सगळ्यांच्या टाक्या फुल्ल झाल्याशिवाय कुणी हलत नाही. बारालाचाला खिंडीत, जवळपास ४,९०० मीटरवर, एकाचं डोकं ठणकायला लागलं की सगळे थांबतात. नाल्यात गाडी अडकली की चौघे बुटांसकट पाण्यात. मग खारदुंगला खिंडीच्या पाटीपुढे फोटो होतो आणि तिथून प्रत्येकाला आपापली रजा आठवायला लागते.

आमचंही तसंच झालं. परत मनालीत उतरलो त्या रात्री आमचा लीड, म्हणजे ग्रुपच्या पुढे राहून सगळ्यांना नेणारा, जेवताना म्हणाला, "लेह झालं. आता ज्याने त्याने सोयीने निघा." दोघांनी चंदीगडजवळच्या अंबाल्याला बाईक रेल्वेत टाकल्या. बाकीचे लीडबरोबर उदयपूर-अहमदाबादवरून सुसाट सुटले. मी जाताना स्वीपला होतो, म्हणजे सगळ्यांच्या मागे. परततानाही स्वीपलाच राहिलो आणि माझ्यापुढे उरले एकटे काका.

काका एसटीतून रिटायर झालेले. कार्बोरेटरची जुनी बुलेट, साठच्या वर काटा कधी जाऊ दिला नाही. आम्ही हिस्सार, जयपूर, कोटा, इंदूर असा ५२ नंबरचा हायवे धरला. मनालीला जाताना मेकॅनिकने उंचीवरच्या विरळ हवेसाठी त्यांचं मिक्स्चर, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल, कमी करून दिलं होतं. ते खाली आल्यावर परत सेट करायचं असतं, नाहीतर मैदानात इंजिन भट्टीसारखं तापतं. काकांनी ते अंबाल्याच्या आधीच स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन केलं. असा काळजीने गाडी चालवणारा माणूस, आणि त्यालाच लोक मागे टाकून गेले.

जुलै होता. लडाखभर कोरडी धूळ खाल्ली आणि देवासपासून पाऊस लागला तो थांबेना. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात संध्याकाळी काकांच्या क्लचची केबल गेली. लिव्हरजवळ केबलच्या टोकाला जी शिशाची गाठ असते, तिच्या मुळाशी तारा एकेक करून तुटत आल्या होत्या. काकांना दुपारपासून लिव्हर खरखरीत लागत होता. शेवटची तार गेली आणि लिव्हर सैल होऊन हँडलला टेकला.

नवी केबल होती. काकांनी पुण्यातच विकत घेतली होती. पण निघताना लीडने सगळ्यांचे स्पेअर एका बॅगेत गोळा करून स्वतःच्या सॅडलबॅगेत ठेवले होते, आणि ती बॅग तेव्हा गुजरातेत कुठेतरी होती.

वरून ट्रक उतरताहेत, रस्त्यावर चिखल आणि डिझेल, अंधार पडत आलेला. काका म्हणाले, "अरे, तू हो पुढे. मी बघतो काहीतरी."

"काका, स्वीप पुढे जात नसतो."

उतार होता हे नशीब. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू केलं, गाडी उतारावर सोडली आणि वेग घेतल्यावर काकांनी क्लचशिवाय दुसरा गियर टाकला. खट्ट आवाज झाला, गाडीने एक हिसका दिला आणि धरलं. मी चारही इंडिकेटर लावून त्यांच्या मागे, ट्रकला त्यांच्या अंगावर येऊ न देता. पळासनेर मागे पडलं, शिरपूर आलं. एकदाही न थांबता काकांनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच आणली. एसटीची सगळी नोकरी त्या मनगटात होती. सकाळी शिरपूरच्या मेकॅनिकने केबल बसवून दिली.

त्या रात्री लीडचा ग्रुपवर मेसेज होता, घरी पोचलो. मी फोन केला तर म्हणाला, "ज्याची गाडी त्याची जबाबदारी. लेहपर्यंतचा शब्द दिला होता, तो पाळला." हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही आणि मी मागे हटणार नाही. पुण्यातून एकत्र निघालेला माणूस पुण्यात पोचेपर्यंत लीडची जबाबदारी संपत नाही. चंदीगड ते पुणे १,७०० किलोमीटरच्या आसपास आहे. दुचाकीला एक्सप्रेसवे बंद, म्हणजे ट्रक आणि गावं चुकत नाहीत. घाटांनी ब्रेक पॅड खाल्लेले, धुळीने चेन कोरडी, अंग आंबलेलं. माणसाला सोबत लागते ती इथे.

आता रेल्वेचं. पुण्याला थेट येणारी झेलम एक्सप्रेस अंबाल्यावरून जाते, ते सोयीचं. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसी आणि इन्शुरन्सची झेरॉक्स जवळ ठेवा, आरसे काढून बॅगेत घ्या, गोणपाटाचं पॅकिंग उभं राहून करून घ्या. शक्यतो स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून टाका, नुसतं पार्सल केलं तर गाडी कधी येईल ते सांगता येत नाही.

कुणाची पाठ गेली असेल, हाताला लागलं असेल किंवा खरंच रजा नसेल, तर त्याने बाईक रेल्वेत टाकण्यात काही कमीपणा नाही. मात्र आधी माहीत असेल तर ते पुण्यातच ठरवा आणि स्पेअर त्या हिशोबाने वाटून घ्या, ज्याची केबल त्याच्याच बॅगेत. तुमच्या लीडला आत्ताच विचारा, परतताना स्वीप कोण? "तेव्हाचं तेव्हा बघू" असं उत्तर आलं, तर ट्रिपचा अ‍ॅडव्हान्स भरू नका.