वाचकांचे प्रश्न : सातशे ओहमचा रेझिस्टर का मिळत नाही?

प्रश्न : आमच्या घरी रविवारची दुपार आकड्यांच्या गमती आणि ब्रेडबोर्डवरच्या (इलेक्ट्रॉनिक सुटे भाग खोचायच्या पाटीवरच्या) जोडण्या यांत जाते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावण्यासाठी मुलीने हिशोब केला, तेव्हा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग, ७०० ओहमचा हवा असे उत्तर आले. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मात्र ६८० ओहमचा रेझिस्टर दिला आणि सातशेचा येतच नाही, असे सांगितले. २२०, ३३०, ४७०, ६८० हे अडनिडे आकडे कशावरून ठरले? दुसरी शंका धाकट्याची आहे. आजोबांनी त्याला गणितज्ञ कापरेकरांची ६१७४ ची गंमत शिकवली : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे आणि उत्तरावर हेच पुन्हा पुन्हा केले की ६१७४ येते; परंतु २१११ ही संख्या घेतल्यावर त्याचे उत्तर शून्य येते. असे का व्हावे?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : मुलीचा हिशोब अचूक आहे. बॅटरीच्या ९ व्होल्टपैकी साधारण २ व्होल्ट लाल एलईडीवर पडतात आणि उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरला घ्यावे लागतात. प्रवाह १० मिलिअँपिअर हवा असेल, तर ७०० ओहम हेच उत्तर येते. ६८० ओहम वापरल्यास प्रवाह सुमारे १०.३ मिलिअँपिअर होतो. प्रकाशातला एवढा फरक डोळ्यांना कळणार नाही, म्हणून निळा, राखाडी, तपकिरी (हा ६८० चा रंगसंकेत) आणि शेवटी सोनेरी पट्टा असलेला तो रेझिस्टर निर्धास्तपणे जोडावा.

आता त्या आकड्यांविषयी. कोणताही रेझिस्टर त्यावर दर्शवलेल्या किमतीइतका, म्हणजे तितक्याच ओहमचा, तंतोतंत नसतो. दहा टक्के फरक मान्य केलेल्या मालिकेत १०० ओहमचा म्हणून विकला जाणारा नग प्रत्यक्षात ९० ते ११० यांमध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे त्याच्या शेजारी १०५ चा वेगळा नग ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. पुढची किंमत अशी हवी की तिची खालची हद्द पहिलीच्या वरच्या हद्दीला जाऊन भिडेल. १२० घेतल्यास खालची हद्द १०८ येते आणि मध्ये फट राहत नाही. फरक टक्क्यांत मोजला जात असल्यामुळे या पायऱ्या समान अंतराच्या असून चालत नाहीत, त्या समान गुणोत्तराच्या असाव्या लागतात. १० पासून १०० पर्यंत अशा बारा पायऱ्या पाडल्या, तर दर पायरीला दहाच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.२१ ने, गुणावे लागते. आपल्याकडे पेटी असेल, तर मुलीला तिथेच हे दाखवता येईल : सप्तकातील बारा स्वरांतही दर पट्टीला कंपनसंख्या एकाच गुणोत्तराने वाढते, फक्त तिथे बारा पायऱ्यांनंतर ती दुप्पट होते आणि येथे किंमत दहापट होते.

यातून १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ ही ई-१२ नावाची मालिका मिळते. मुलीने कॅल्क्युलेटरवर १.२११५ ने गुणत जावे आणि मिळणारे आकडे या यादीशी ताडून पाहावेत. गणिताने २६.१, ३१.६, ३८.३ आणि ४६.४ येते, तर मालिकेत २७, ३३, ३९ आणि ४७ आहेत, ८२.५ च्या जागी मात्र खाली येऊन ८२ घेतले आहे. मानक गणितावर बेतले, पण त्याला शब्दशः पाळले नाही, ही गोष्ट मला मूळ नियमाइतकीच रंजक वाटते.

सोनेरी पट्टा पाच टक्क्यांचा फरक दाखवतो. त्या फरकासाठी चोवीस किमतींची मालिका आहे, पण तिच्यातही ६८० नंतर थेट ७५० येते. एक टक्क्याच्या मालिकेत ६९८ आहे. ७०० तिथेही नाहीच! ६८० ला १० ओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडून कागदावर ७०० गाठता येईल. तथापि ६८० मध्येच ३४ ओहमची चूक मान्य असताना हा खटाटोप कशासाठी करावा?

धाकट्याच्या शून्याचे उत्तर शून्यातच आहे. २१११ मधून १११२ वजा केल्यावर ९९९ उरतात. ते ०९९९ असे चार अंकी लिहावे, अन्यथा पुढच्या वजाबाकीत काहीच शिल्लक राहत नाही. शून्य जपले, तर ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा प्रवास होतो. चारही अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

त्यामागचे कारण बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढी येते. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा त्याच्याहून मोठा नाही, म्हणून हजारो संख्यांतून पहिल्याच फेरीनंतर केवळ ५४ शक्यता उरतात. त्यांतही ३०८७ आणि ७०८३ यांसारख्या संख्या एकाच अंकांच्या उलटसुलट मांडण्या आहेत. बाकीचे आजोबा आणि नातू एका दुपारी हाताने तपासू शकतील.

१९०५ साली डहाणूला जन्मलेल्या द. रा. कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झाले. पुढे देवळालीत शिक्षकी करताना त्यांनी हा शोध लावला आणि १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत तो मांडला. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव होय.

धाकट्याला कंटाळा येऊ नये म्हणून तीन अंकी संख्यांपासून सुरुवात करावी. तिथे वजाबाकी ९९ × (क − ग) एवढीच असते, म्हणजे नऊच शक्यता उरतात आणि शेवट ४९५ वर होतो. शून्याची खबरदारी तिथेही घ्यावी लागेल. २११ घेतल्यास पहिली वजाबाकी ०९९ अशी लिहावी.