गिटार बनवून घर चालतं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेटअपबद्दल (तारांची उंची वगैरे जुळवून गिटार नीट वाजेल अशी करणं) लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती सेटअपबद्दल कमी आणि "पण तुमचं यावर भागतं का हो" याबद्दलच जास्त. तर या वेळी तेच घेऊया.

प्रश्न : दादा, मी 27 वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेल्या तीन वर्षांत सुट्टीच्या दिवशी बसून चार ॲकूस्टिक गिटार बनवल्या, चौथी खरंच छान वाजते असं वाजवणारे म्हणतात. नोकरी सोडून फुल टाइम हेच करावं असं फार वाटतंय. सोडू का?

उत्तर : नको. म्हणजे कधीच नको असं नाही, पण आत्ता नको. चौथी छान झाली याचा मला मनापासून आनंद आहे, पण आधी एक हिशेब करू, मी तो फार उशिरा केला म्हणून सांगतोय. वर्षाचे 52 आठवडे, त्यातले चार आजारपण आणि सुट्ट्यांचे सोड, राहिले 48, आठवड्याला 40 तास धरले तर 1920 तास झाले. आता यातले निम्मे तास गिटारला हात लागतच नाही. मेसेजला उत्तरं देणं, लाकूड बघायला जाणं, पटाशांना धार लावणं, झाडलोट, पॅकिंग, हिशेब, आणि "नुसतं बघायला आलो" म्हणून येऊन दोन तास बसणारी मंडळी. राहिले हजारभर तास. माझी पहिली गिटार 300 तासांच्या वर गेली होती, आता साधी असेल तर 120 तासांत होते. म्हणजे वर्षाला आठ. त्यातली एखादी परत आली, कुठे पॉलिशच बिघडलं, तर सात. या सात-आठ गिटारमध्ये जागेचं भाडं, लाकूड, हत्यारं, वीज आणि तुझं घर सगळं बसवायचं, आणि दरवर्षी असे सात-आठ लोक शोधायचे की ज्यांना तुझं नाव माहीत नसताना तुझीच गिटार हवीय, फॅक्टरीची नको. फॅक्टरीची हल्ली वाईट नसते बरं का, हे मान्य करूनच या धंद्यात उतर.

मग लोकांचं घर चालतं कसं? तर रिपेअरिंगवर. माझंही त्यावरच चालतं, सांगायला अजिबात लाज नाही. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून लेव्हल करणं, नवीन नट, सॅडल (तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात ते तुकडे), उचलला गेलेला ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) परत बसवणं, वाकलेली नेक (गिटारची मान), इलेक्ट्रिक असेल तर आतली वायरिंग. साधा सेटअप दीड-दोन तासांत होतो आणि पैसे त्याच दिवशी मिळतात, सहा महिन्यांनी नाही. पण मला विचारशील तर रिपेअरची खरी कमाई वेगळीच आहे. स्टीलच्या सहा तारा मिळून 70 किलोच्या वर ओढ धरून असतात, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. ती ओढ गिटारचं काय करते हे नवी गिटार बनवणाऱ्याला दिसतच नाही, कारण त्याची गिटार नवी असते आणि नवी गिटार सगळ्यांचीच सरळ असते. दहा वर्षांची गिटार टेबलवर आली, ब्रिजच्या मागे टॉप (पुढची फळी) फुगलेला, नेकचा कोन गेलेला, सॅडल खाली करायलाही जागा उरलेली नाही, की मग कळतं आतली ब्रेसिंग (टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, ब्रेस) किती बारीक करायची आणि कुठे मोह आवरायचा. अशा शंभरेक गिटार उघडल्यावर मी माझं डिझाइन बदललं, त्याच्या आधी मी सगळ्या ब्रेस जरा जास्तच तासत होतो, आवाज मोठा यायचा ना!

आणि एक गोष्ट. चारही गिटार वेगवेगळ्या आकाराच्या बनवल्यास ना? सगळेच बनवतात, मीही बनवल्या. आता दोन वर्षं एकच मॉडेल बनव. माझे 300 तासांचे 120 झाले ते हात भरभर चालायला लागले म्हणून नाही, हात तेवढेच चालतात. मोल्ड तयार होता, साइड वाकवायचा फॉर्म तयार होता, नेकच्या जोडाचा टेम्प्लेट तयार होता म्हणून झाले. दर वेळी नवा आकार म्हणजे दर वेळी नवे जिग (साचे), आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

तेव्हा नोकरी ठेव, संध्याकाळी रिपेअर घ्यायला लाग. आधी स्वतःच्या आणि मित्रांच्या स्वस्तातल्या गिटारवर हात बसव, लोकांच्या महागड्या गिटारवर शिकू नकोस. रिपेअरवाले दोन-तीन आठवडे थांबायला तयार व्हायला लागले की मग नोकरीचे दिवस कमी करता येतात का बघ. आणि यात कमीपणा वाटत असेल तर हे ऐक : आजच्या क्लासिकल गिटारचा आकार ज्याच्यामुळे ठरला तो स्पेनचा आंतोनियो दे तोरेस (1817 ते 1892), त्यानेसुद्धा 1870 च्या सुमारास सेव्हिलमधलं गिटारचं काम बंद केलं, अल्मेरियाला परत गेला आणि बायकोबरोबर चिनीमातीच्या आणि काचेच्या भांड्यांचं दुकान टाकलं. पाचेक वर्षांनी परत गिटार बनवायला लागला, तेही दुकान सांभाळून. तोरेसला जमलं नाही ते आपल्याला पहिल्याच वर्षी जमावं असा हट्ट कशाला?

प्रश्न : ओळखीतले लोक म्हणतात लाकडाचे पैसे घे आणि आमच्यासाठी एक बनव. नाही म्हणवत नाही. किंमत नक्की ठरवायची कशी, आणि ॲडव्हान्स घ्यावा का?

उत्तर : लाकडाचे पैसे हा गिटारच्या किमतीतला लहान वाटा असतो, मोठा वाटा तासांचा. म्हणून आधी वही ठेवा, रोज किती तास गेले ते लिहा, पॉलिश पेपर मारण्याचेही लिहा (तेच सगळ्यात जास्त निघतात, बघा). तास गुणिले तुमचा ताशी दर, अधिक सामान, अधिक त्या महिन्याचं भाडं-वीज यातला वाटा, आणि वर थोडं परत येणाऱ्या गिटारसाठी. हा आकडा बघून तुम्हालाच घाम फुटेल, फुटू दे. सुरुवातीच्या काही गिटार कमी किमतीत द्याव्याच लागतात, फक्त कमी किंमत सांगू नका, बिलावर पूर्ण किंमत लिहा आणि खाली सूट लिहा. नाहीतर ओळखीच्याचा ओळखीचा त्याच आकड्यावर अडून बसतो. आणि सूट देताना एक अट घाला, वर्षाने गिटार दाखवायला आणायची. वर्षभर वाजलेली आपली गिटार हातात मिळणं याचं मोल दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त आहे.

ॲडव्हान्स घ्या, साधारण एक तृतीयांश, आणि तो परत मिळणार नाही हे लिहून द्या. पण तो पैसा आपला नाही असं समजा, हे मी ठेच खाऊन शिकलोय. चौथ्या-पाचव्या वर्षी माझं नाव जरा झालं, ऑर्डरी आल्या, मी सगळ्यांचे ॲडव्हान्स घेत गेलो आणि वेटिंग लिस्ट 14 जणांची झाली म्हणून खूशही होतो. पण नव्या माणसाच्या ॲडव्हान्समधून जुन्या माणसाच्या गिटारचं सामान यायचं, भाडंही त्यातूनच. मग एक वर्ष ऑर्डरी कमी आल्या आणि लक्षात आलं की 14 गिटार बनवायच्या आहेत आणि त्यांचे जे पैसे आले होते ते कधीच संपलेत. जवळजवळ दोन वर्षं मी दिवसा रिपेअर आणि रात्री त्या गिटार असं केलं, एका माणसाने तर तीन वर्षं वाट बघितली आणि एक शब्द वाकडा बोलला नाही, त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून ॲडव्हान्सचं खातं वेगळं, त्यातून फक्त त्याच गिटारचं सामान, आणि एका वेळी सहाच्या वर नावं घेत नाही. सातव्याला सांगतो, नाव लिहून ठेवतो, पैसे नंतर द्या.

प्रश्न : ब्राझिलियन रोजवूडशिवाय खरा आवाज येत नाही असं एकाने सांगितलं. खरंय का? आणि मिळतं का ते?

उत्तर : ते झाड 1992 पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच, जुनं लाकूड असेल तर कागदपत्रं लागतात. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. बाकीच्या रोजवूडवरही 2017 च्या जानेवारीपासून परवान्याचं झंझट आलं होतं, 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्चं लाकूड सीमेपलीकडे न्यायचं तर नियम आहेतच, तेव्हा लाकडाची पावती जपून ठेवा.

आवाजाचं म्हणाल तर परत तोरेसच. त्याने 1862 मध्ये एक गिटार बनवली, टॉप स्प्रूसचा (सूचीपर्णी झाडाचं हलकं लाकूड) आणि बाजू-पाठ चक्क कागदाच्या लगद्याची. आवाजाचं काम मुख्यतः टॉप करतो हे दाखवायला. तेव्हा पैसे घालायचे तर टॉपच्या फळीवर घाला, ती उभ्या सरळ रेषांची, ताठ आणि हलकी बघा, हातात धरून बोटाने टकटक केलं की ती वाजली पाहिजे, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. पाठीला जे चांगलं वाळलेलं लाकूड मिळेल ते चालतं. गिऱ्हाइकाला रोजवूडच हवं असेल तर द्या की, दिसायला सुंदर असतं.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा घरातल्या एका खोलीत गिटार बनवतो. आवड चांगली आहे, पण खोलीभर भुसा, पॉलिशचा वास, आणि हल्ली सारखा खोकतो. मी उगाच काळजी करतेय का?

उत्तर : नाही ताई, अजिबात उगाच नाही. लाकडाची बारीक धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींमध्ये गणली जाते, आणि रोजवूडसारख्या लाकडाने काहींना कायमची ॲलर्जी होते, अंगावर पुरळ, दमा. या कारणासाठी धंदा सोडावा लागलेले कारागीर आहेत. दिसणारा भुसा एवढा वाईट नाही, न दिसणारी धूळ वाईट, जी सँडिंगमध्ये उडते आणि हवेत तासन्‌तास राहते. त्याला कापडाचा रुमाल चालत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरवाला मास्क हवा, मशीनला धूळ ओढणारा पाइप हवा, आणि कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत. लॅकरचा स्प्रे राहत्या घरात मारायचाच नाही, त्याची वाफ पेट घेते. त्याला सांगा सध्या लाखेचं फ्रेंच पॉलिश शिक, कापडाच्या बोळ्याने हाताने लावतात, त्यातही स्पिरिट असतं म्हणून खिडकी उघडी आणि विस्तव लांब, पण स्प्रेपेक्षा पुष्कळ बरं. आणि खोकल्यासाठी डॉक्टरकडे या आठवड्यातच न्या.

प्रश्न : मी विकलेली गिटार आठ महिन्यांनी परत आली, टॉपला ब्रिजच्या खाली लांब भेग. गिऱ्हाईक आता कोरड्या हवेच्या ठिकाणी राहतं. ते म्हणतात फुकट दुरुस्त करून द्या. माझी चूक आहे का?

उत्तर : एक विचारतो, ब्रेस चिकटवल्या त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती? माहीत नसेल तर थोडी चूक तुमची. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच. दमट हवेत फुगलेल्या टॉपला तुम्ही आडव्या ब्रेस चिकटवल्या, मग तो कोरड्या हवेत गेला, आकसायला बघतो, ब्रेस आकसू देत नाहीत, फाटतो. म्हणून 45 ते 50 टक्क्यांच्या आसपासच चिकटवायचं, जमत नसेल तर त्या दिवशी दुसरं काम करायचं. भिंतीवर आर्द्रता मोजणारं यंत्र ही माझ्या मते रंध्याच्याही आधीची खरेदी.

या वेळी फुकट करून द्या. आधी गिटार आठवडाभर दमट हवेत ठेवा, भेग बरीचशी आपोआप मिटते, मग सरस भरून आतून स्प्रूसचे छोटे पातळ तुकडे रेषेच्या आडवे चिकटवा. यापुढे वॉरंटीच्या कागदावर लिहा की गिटार केसमध्ये, ह्युमिडिफायरसकट ठेवायची, कोरड्या हवेने गेलेली भेग वॉरंटीत नाही. आणि कागद देताना तोंडानेही सांगा, कागद कोणी वाचत नाही.

प्रश्न : सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) भाग कापून घेतले तर ती हाताने बनवलेली गिटार म्हणायची का?

उत्तर : फ्रेटच्या खाचा घ्या. 650 मिलिमीटरची तार, भागिले 17.817 हा ठरलेला आकडा, पहिला फ्रेट नटपासून 36.48 मिलिमीटरवर, उरलेल्या लांबीला परत 17.817 ने भागा, असं करत बारावा बरोबर 325 वर येतो. यात माझा हात काय वेगळं करणार आहे, चूक सोडून? मी त्या खाचा बाहेरून कापून आणतो आणि विचारलं तर सांगतो. टॉपची जाडी आणि ब्रेस मात्र स्वतः करतो, कारण दोन फळ्या सारख्या नसतात.

प्रश्न : तुम्ही स्वतः गिटार किती छान वाजवता?

उत्तर : ट्यून तपासण्यापुरती. गिटार पूर्ण झाली की वाजवणाऱ्या मित्राला बोलावतो, त्याला आत बसवतो आणि मी पलीकडच्या खोलीत जाऊन ऐकतो. समोर बसलं की आपली प्रत्येकच गिटार छान वाटते.